बदरीनाथांच्या फोडणीतला उडीद

कुंभकोणमच्या बदरीनाथांना ‘जरा चाखून बघा’ म्हणणे म्हणजे भांडण उकरून काढणे. देवाला दाखवल्यावाचून अन्नाला जीभ लावायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. आणि कार्य कोणाचेही असो, नैवेद्य आधी निघतोच. त्यामुळे या गृहस्थाने उभ्या जन्माचा स्वयंपाक नाकाने केला. झाकलेल्या पातेल्याजवळून नुसते जाता जाता ते म्हणत, "मीठ कमी पडलें," आणि मीठ कमी पडलेले असे. मिठाला वास नसतो ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती, आणि आता साठी उलटल्यावर सांगून उपयोगही नव्हता.

घराणे मराठी, विठ्ठलाचे. तंजावरच्या राजांच्या काळात कोणी पूर्वज इकडे आला आणि कावेरीच्या पाण्यावर राहिला तो राहिलाच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. ती मराठीही अशी, की पुण्याहून आलेला पाहुणा आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, हे तुम्ही एखादी बखर वाचून दाखवताय का? बदरीनाथ त्याच्या पानावर भाताची आणखी एक मूद घालतात.

धंदा लग्नामुंजींच्या जेवणाचा. तिरुनागेश्वरमला नवस फेडायला आलेली मंडळी असोत की तिरुप्पनंदाळच्या मठातली मोठी पंगत, बदरीनाथांची भांडी टेम्पोतून उतरली की यजमान निर्धास्त. हा सगळा कारभार त्यांच्या उजव्या हातात होता, आणि हे अगदी अक्षरशः घ्यायचे. कुठलेच प्रमाण कुठे लिहिलेले नव्हते. हात डब्यात जाई, मुठीत यायचे तेवढे येई. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरला आणि नेमके तेच मनगट मोडले. हाड जुळले, पण हाताला कंप राहिला. पळीभर तेल कढईपर्यंत नेताना निम्मे सांडू लागले.

आता कढईसमोर सेतू उभा राहू लागला. सेतू पन्नाशीचा, आपल्यातलाच, वर्षानुवर्षे बदरीनाथांच्या हाताखाली राबलेला आणि सांगितलेले तंतोतंत करणारा. अडचण एवढीच, की त्याला सांगावे लागे, आणि बदरीनाथांना सांगता येत नसे. "किती घालूं, अण्णा?" असे त्याने विचारले की ते मूठ वळून दाखवत आणि मूठ थरथरे. दोघेही मग त्या मुठीकडे बघत बसत.

यातून वाट काढली नित्याने. ही त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. चेन्नईच्या एका कंपनीचे काम माडीवर बसून करते. काम डेटाबेसचे, म्हणजे लोकांची माहिती टेबलांत रचून ठेवायची आणि कोणी मागितली की चुटकीसरशी काढून द्यायची. ती म्हणाली, "काका, अस्कें मजला सांगा. मी घालून ठेवतें. सेतूमामा हवें तेव्हां काढून घेतील." अस्कें म्हणजे सगळे, तंजावरकडच्या मराठीत या शब्दावाचून पान हलत नाही.

पहिल्याच संध्याकाळी काका-पुतणीची जुंपली. नित्याने ऑफिसात आखतात तसे टेबल आखले होते: एक खण नावाचा, एक डाळीचा, एक भाजीचा, एक मसाल्याचा. पहिला आला दहीभात, तो मुकाट बसला. मग आली रसवांगी. तिच्यात वांगे, डाळ, चिंच, आणि वाटण. वाटणात धणे, हरभऱ्याची डाळ, मिरची, खोबरे. ते खोबरे कोरडे भाजायचे की तेलात, हे वांगे कोणते यावर अवलंबून. "वाटणाला एकच खण आहे, काका," नित्या म्हणाली. "मग रसवांगीला दुसरें घर बघ," काका म्हणाले. तिने खण वाढवले. लगेच पायसम् येऊन उभे राहिले, आणि त्याला वाढवलेल्यांपैकी एकही खण लागेना. त्याची ओळ ओसाड पडली.

बरेच दिवस असे भांडण झाल्यावर नित्याने हात टेकले आणि बहुतेक खण काढूनच टाकले. ठेवला तो क्रमांक, नाव, आणि एक भला मोठा खण, ज्याला तिने ‘तपशील’ म्हटले. "याच्यांत ज्यानें त्यानें आपल्याला हवें तसें राहायचें," ती म्हणाली. "याला जेसन म्हणतात, काका. एक नांव, आणि त्याच्यापुढें जें असेल तें. पुढें नुसता आंकडा असेल, नाहींतर यादी असेल, नाहींतर आणखी एक जेसन असेल. त्याच्या पोटांत आणखी एक." बदरीनाथांना हे लगेच कळले. त्यांचा मसाल्याचा डबा तसाच होता: डब्यात वाट्या, वाटीत पुड्या, पुडीत पुडी. घरातल्या बायका त्या डब्याला नावे ठेवत. तीच रीत यंत्रालाही मान्य आहे हे ऐकून त्यांना बरे वाटले.

मग रोज संध्याकाळी ते सांगत गेले आणि ती भरत गेली. एके दिवशी ती म्हणाली, "आतां कांहीं विचारा."

"काय विचारूं?"

"कांहींही. हिंग कोणाकोणांत आहे, विचारा."

तिने एक ओळ लिहिली, बोट आपटले, आणि हिंगवाले सगळे पदार्थ पडद्यावर उभे राहिले. बदरीनाथांना खरे वाटेना. "तूं आधींच काढून ठेवलें असशील," म्हणाले. मग त्यांनी विचारले, नारळ आहे पण चिंच नाही, असे कोण? आले. गूळ आहे आणि मिरचीही आहे? तेही आले. आता ते हट्टाला पेटले. "वाटणाच्या आंत जो मसाला, त्याच्या आंत मेथी असेल तर?" नित्याने त्या ओळीत दोन तारका टाकल्या. म्हणाली, या दोन तारकांचा अर्थ, किती का खोल असेना, तळापर्यंत जाऊन बघ. यंत्र तळापर्यंत गेले आणि मेथी घेऊन वर आले.

बदरीनाथांच्या अंगावर काटा उभा राहिला. आनंद होता आणि थोडी भीतीही होती. हे पदार्थ त्यांनी आयुष्यभर केले, पण ते नेहमी एकेकटे भेटलेले, आज हा तर उद्या तो. सगळ्यांना एकदम कोणी हाक मारली नव्हती, आणि मारली तर सगळे एकदम ओ देतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. त्यांनी विचारले, धणे, हरभराडाळ आणि खोबरे तिन्ही एकत्र भाजलेली कुठे? दोन नावे शेजारी शेजारी आली: आईकडून शिकलेली रसवांगी, आणि मठाच्या भटारखान्यात एका तमिळ आचाऱ्याकडून शिकलेले कारल्याचे पिट्लै. जन्मभर दोन्ही केली, आणि ही सख्खी भावंडे आहेत हे त्यांना त्या संध्याकाळी कळले. ते उठले आणि पडद्यासमोर हात जोडून उभे राहिले. नित्याला हसू येत होते, पण तिने ते आवरले.

चुका झाल्या नाहीत असे नाही. त्या वर्षीची चिंच फार आंबट निघाली, म्हणून रसवांगीतली तेवढी कमी करायची होती. नित्या घाईत होती. ‘तपशील म्हणजे चिंच, सुपारीएवढी’ असे लिहून ती मोकळी झाली, आणि रसवांगीचा सगळा तपशील पुसला जाऊन त्या जागी एकटी चिंच येऊन बसली. वांगे गेले, डाळ गेली, वाटण गेले. सेतूने छापून आलेला कागद वाचला आणि गंभीरपणे विचारले, "आज नुसती चिंच वाढायची काय, अण्णा?" बदरीनाथ पुढे कितीतरी दिवस तिला चिंचबाई म्हणत होते. आदल्या दिवशीची प्रत जपून ठेवलेली होती म्हणून रसवांगी परत मिळाली. मग नित्याने त्यांना नीट करायची पद्धत दाखवली. पूर्ण पत्ता द्यायचा: रसवांगीत जा, तिच्या तपशिलात जा, तिथे चिंच आहे, तेवढीच बदल, बाकी कोणाला हात लावू नकोस. यंत्र तसेच करी. डाळीला धक्का नाही, वाटणाला खबर नाही. बदरीनाथांना याचे तर फारच नवल वाटले. शिजलेल्या आमटीतून जास्तीचे मीठ तेवढे काढून घेता यावे, तसले हे काहीतरी होते.

अशात मीनाक्षीबाईंचा निरोप आला.

तिरुविडैमरुदूरच्या जुन्या गल्लीत सुंदररावांचे घर आहे. सुंदरराव जाऊन बरीच वर्षे झाली. आता तिथे त्यांची बायको मीनाक्षीबाई एकटी राहते. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. वैष्णव घर, मडी कडक; मडी म्हणजे सोवळे. बदरीनाथांना कोवळ्या वयात पहिले कार्य मिळाले ते याच घरात, आणि मोहरी तडतडायची कधी थांबते ते कानाने ओळखायला मीनाक्षीबाईंनीच शिकवले. तेव्हापासून ते त्यांना अक्का म्हणतात.

लग्न झाल्यापासून अक्कांचे चातुर्मासाचे व्रत कधी चुकले नव्हते. पहिल्या महिन्यात भाजी नाही, दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही, चौथ्यात डाळ नाही की कडधान्य नाही. बाळंतपणात मोडले नाही, सुंदरराव गेले त्या वर्षीही मोडले नाही. मुलगी परदेशी गेली, गुडघे गेले, दृष्टी गेली. आपले म्हणावे असे एकेक हातून सुटत गेले आणि हे व्रत तेवढे राहिले. आता चुलीशी हात भाजू लागले, तेव्हा बाहेरच्या अन्नाला जन्मात न शिवलेल्या त्या बाईने बदरीनाथांना बोलावून घेतले.

"चार महिने तुझ्या घरचें जेवीन," अक्का म्हणाल्या. "मडींत शिजवायचें. मजला दिसत नाहीं, बदरी. पानांत काय पडलें तें मी बघणार नाहीं. व्रत तुझ्या हवालीं करतें."

"सरी, अक्का," म्हणजे बरे, असे बदरीनाथ म्हणाले खरे, पण बाहेर येऊन ओट्यावर बसले आणि चारी महिन्यांची वर्ज्ये बोटांवर मोजू लागले.

तीन महिने निर्विघ्न गेले. महिना लागायच्या आधी नित्या यंत्राला विचारी, यंत्र तळापर्यंत जाई आणि चालतील तेवढे पदार्थ निवडून देई. दह्याच्या महिन्यात तर त्याने एका मसाल्याच्या पोटातून दह्यात भिजवून वाळवलेली मिरची हुडकून काढली. ती बदरीनाथांच्या स्वतःच्या ध्यानात नव्हती. त्या दिवसापासून त्यांचा यंत्रावर असा भरवसा बसला, की त्यांनी स्वयंपाकघरात डोकावणेच कमी केले. नाकाला सुट्टी मिळाली म्हणायची.

चौथा महिना लागला. नित्याने तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर, वाल, सगळ्यांची नावे घालून विचारले. या महिन्यात मोहरी चालते की नाही यावर दोन वैष्णव घरांचे कधी एकमत होत नाही. अक्कांच्या घरी मोहरी-मिरची चालत असे. पहिल्या दिवसासाठी ठरले ते भात, मिऱ्याचे सार, कच्च्या केळ्याची भाजी आणि दहीभात. भाजीत केळे, हळद, मीठ, खोबरे, फोडणी. फोडणीत तेल, मोहरी, मिरची, कढीलिंब, हिंग. डाळीचे कुठे नाव नाही. सेतूने मडीत स्वयंपाक करून डबा भरला, आणि नेहमीचा रिक्षावाला विजयराघव तो घेऊन गेला. सोवळ्याचा डबा वाटेत कुठेही न टेकवता नेणारा माणूस तो एकटाच.

बदरीनाथ हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेले होते. परत आले, चपला काढल्या आणि उंबऱ्यातच थबकले. सेतूने उरलेली भाजी घरच्यांसाठी झाकून ठेवली होती. तिचा वास येत होता, तेलात लालसर झालेल्या उडदाच्या डाळीचा. याच वासावर ते आयुष्यभर जगले होते. आज तो नाकात शिरला आणि ते तडक चुलीकडे गेले.

"सेतू, फोडणींत काय घातलेंस?"

"नेहमींचेंच. मोहरी, उळुंदु, मिरची..."

"उळुंदु घातलेंस?"

सेतू गोंधळला. उडदाच्या डाळीला तमिळ मुलखात उळुंदु म्हणतात, आणि चिमूटभर उळुंदु पडल्यावाचून इथे फोडणी होत नाही. "उळुंदु नाहीं ती फोडणी कसली, अण्णा?" तो म्हणाला. "कागदावर फोडणी होती. मी फोडणी घातली."

दोष सेतूचा नव्हता आणि यंत्राचाही नव्हता. फोडणीत काय काय असते, असे नित्याने विचारले होते. हेही काय विचारायचे, असे म्हणून बदरीनाथांनी हसत हसत मोहरीपासून हिंगापर्यंत नावे सांगितली होती. उडीद त्यांच्या तोंडून निघालाच नाही. त्यांच्या लेखी तो जिन्नसच नव्हता, तो फोडणीतच धरलेला. तमिळ शेजारात इतक्या पिढ्या काढून मराठी फोडणीत उडीद असा मुरला होता, की त्याचे वेगळे नाव घ्यावे असे कोणाला सुचत नव्हते. आणि एखाद्या घरी डाळ वर्ज्य असली की त्यांचा हात आपसूक ती वाटी टाळून पुढे जाई. घालताना तोंडाला कळले नाही, टाळतानाही कळले नाही. सगळे हाताने परस्पर केले होते.

त्यांनी अक्कांना फोन लावला. वाजत राहिला. मडीत असताना अक्का फोनला शिवत नाहीत हे त्यांना पक्के ठाऊक होते, तरी पुन्हा लावला. तेवढ्यात विजयराघव परतला. "डबा देवघरापाशीं ठेवून आलों," तो म्हणाला. "नैवेद्य दाखवतील आणि बसतील." बदरीनाथ चपला न घालताच त्याच्या रिक्षात चढले.

तिरुविडैमरुदूर काही फार लांब नाही, पण वाटेत रेल्वेचे फाटक पडलेले होते. एक मालगाडी आरामात चालली होती. तिथे बसल्या बसल्या बदरीनाथांच्या मनात एक विचार आला, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अक्कांना दिसत नाही. एव्हाना त्या जेवल्याही असतील. न सांगितले तर कळणार कोणाला? फाटक उघडेपर्यंत तो विचार त्यांच्या शेजारी अंग चोरून बसला होता. रिक्षा रूळ ओलांडून पलीकडे गेली तेव्हा बदरीनाथ स्वतःशीच म्हणाले, सांगायचें, जेवल्या असतील तरी सांगायचें.

दार नुसते लोटलेले होते. अक्का पाटावर बसल्या होत्या. समोर केळीचे पान मांडलेले, पाणी शिंपडलेले, आणि त्यावर भाताचे एक शीतही नव्हते. डबा बाजूला, झाकणे लावलेली.

"आलास?" अक्का म्हणाल्या. "बस."

"अक्का, जेवूं नका. भाजींत..."

"उळुंदु आहे. झांकण उघडलें तेव्हांच समजलें. डोळे गेले, नाक कुठें गेलें?"

बदरीनाथांचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुपार उलटून चालली होती. ही बाई भरल्या डब्याशेजारी उपाशी बसून होती.

"शेजारीं कोणाला तरी हांक मारून मजला फोन करवायचा, अक्का. डबा तरी परत पाठवायचा."

"काय म्हणून? व्रत तुझ्या हवालीं केलें आहे. मी डबा परत पाठविला असता तर तूं चुकलास असें जाहलें असतें. आतां तूं आपणहून घ्यायला आलास. कुठें चुकलास?"

इतके दिवस बदरीनाथ यंत्रापुढे हात जोडत होते. इथे हात जोडायचेही भान राहिले नाही. आपण कोणाचे काय अंगावर घेतले आहे ते त्यांना आत्ता, त्या रिकाम्या पानासमोर उभे राहून कळले.

"आत्तांच दुसरें करून वाढतों," ते म्हणाले.

"थांब. आधीं तुझ्या यंत्राला नीट सांग. उद्यांचेंही पान यायचें आहे. फोडणीसारखें आणखी काय काय सांगायचें राहिलें, कोण जाणे."

"तें मजला तरी कुठें ठाऊक, अक्का? तोंडाला ठाऊकच नाहीं."

"मग हाताला विचार."

आणि मग त्या घरात जे झाले ते विजयराघवने दारातून पाहिले आणि पुढे अनेकांना सांगितले. बदरीनाथ न पेटलेल्या चुलीसमोर उभे राहिले. फोन खिडकीत टेकवून ठेवला, त्यात नित्या, कुंभकोणमच्या माडीवर. त्यांनी डोळे मिटले आणि रिकाम्या हातांनी स्वयंपाक सुरू केला. कढई नव्हती, ती चुलीवर चढली. तेल नव्हते, ते तापले. हात थरथरत होता, पण हातात काही नसल्यामुळे काही सांडत नव्हते. बोटे एका वाटीकडे गेली, मोहरी आली. मग सरकून शेजारी गेली आणि चिमूट उचलली.

"हें काय, काका?" नित्याने विचारले.

"उडीद," बदरीनाथ म्हणाले, आणि लगेच मिरचीकडे वळले.

"मोहरी अजून थांबली नाहीं," पाटावरून अक्का म्हणाल्या. "घाई करूं नकोस."

बदरीनाथ थांबले. दोघांनी कान दिला. मोहरी तडतडून शांत झाली तेव्हाच मिरची पडली. विजयराघव शपथेवर सांगतो की त्यालाही ऐकू आले, पण त्याचे सगळेच काही धरून चालायचे नाही.

भाजी झाली, सार आले. सारात शेवटी हात पातेल्यावरून एकदा फिरला. "हें काय?" नित्याने विचारले. बदरीनाथ चपापले. ते तुरीच्या डाळीवरचे निवळ पाणी होते. सार सारखे करायला ते नेहमी तेच ओतत आणि त्याला पाणी म्हणत. तेही कुठे लिहिलेले नव्हते, आणि ते आज सेतूने घातले नसेल, तरी उद्या घातले असते. पदार्थामागून पदार्थ असे हवेत शिजत गेले. ज्या गोष्टींना त्यांनी कधी नाव दिले नव्हते त्या एकेक करून हातातून बाहेर येत होत्या, आणि बदरीनाथ आपल्याच हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावे तसे बघत होते. हा एवढे जाणतो, आणि मला कधी बोलला नाही!

नित्या म्हणाली, "आतां बघा, काका." तिने एकच ओळ लिहिली. ज्या ज्या पदार्थाच्या तपशिलात फोडणी आहे, त्या त्या फोडणीत जा, तिथे उडीद ठेव, आणि उडदाशेजारी एक नवी खूण ठेव: टाळता येतो. नवा खण आखावा लागला नाही, टेबल पाडून परत बांधावे लागले नाही. प्रत्येकाच्या पोटात जागा होतीच. डाळीच्या पाण्याचेही तसेच केले. मग तिने पुन्हा विचारले: डाळ मुळातच नाही असे कोण, आणि डाळ आहे पण टाळता येते असे कोण? इतके दिवस निष्पाप म्हणून मिरवणारे कितीतरी पदार्थ आता खूण लावून दुसऱ्या रांगेत उभे राहिले. नित्या नावे वाचत गेली.

"अस्क्यांत एकदम गेलें?" अक्कांनी विचारले.

"अस्क्यांत, अक्का," नित्या म्हणाली.

"आणि बाकीच्याला धक्का नाहीं?"

"नाहीं."

"कृष्णा, कृष्णा," अक्का पुटपुटल्या. "एवढें घर, आणि एका हांकेंत अस्क्या चुली जाग्या." त्यांचा चेहरा त्या फोनच्या दिशेने वळलेला होता, आणि त्यावर लहान मुलीसारखे नवल होते.

बदरीनाथांनी विहिरीवर आंघोळ केली, ओले धोतर नेसले आणि चूल खरोखर पेटवली. उजवा हात डाव्याने धरून त्यांनी तेल ओतले. मोहरी थांबली. बोटे सवयीने शेजारच्या वाटीपाशी गेली, तिथे क्षणभर थांबली आणि पुढे सरकली. या वेळी ते त्यांनी पाहिले. केळ्याची भाजी झाली, मिऱ्याचे सार झाले, पातळ करायला साधे विहिरीचे पाणी. नैवेद्य दाखवून त्यांनी अक्कांना वाढले. उन्हे कलली होती.

अक्का सावकाश जेवत होत्या. बदरीनाथ भिंतीला टेकून समोर बसले. दुपारपासून एक गोष्ट त्यांच्या मनात घोळत होती. विचारावी की नाही ते कळत नव्हते, पण विचारल्याशिवाय घरी जाणेही शक्य नव्हते.

"अक्का," ते म्हणाले, "मजला वास आलाच नसता तर? आज मी आलोंच नसतों तर?"

"मग उद्यां आला असतास," अक्का म्हणाल्या, आणि सारासाठी भातात बोटांनी आळे केले.